गुरूवरचे डाग कुणी पुसले?

१

फोटोत गुरू होता, पण गुरूवरचे डाग नव्हते.

जळगावच्या सभागृहात आमच्या मंडळाचं प्रदर्शन भरलं होतं आणि मी फोटोपासून हातभर अंतरावर उभा होतो. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खाली चिकटवलेल्या कार्डावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं : 'धूमकेतूच्या तुकड्यांमुळे गुरूवर पडलेले डाग. २१ जुलै १९९४, सायंकाळी आठ. छायाचित्र : जीवराम पाटील, चोपडा.' आणि वर चौकटीत गुरूचा फिकट, पट्ट्यापट्ट्यांचा गोळा, घासून ठेवलेल्या ताटलीसारखा स्वच्छ.

त्या जुलैत एका फुटलेल्या धूमकेतूचे तुकडे एकामागून एक गुरूवर आदळले होते. वर्तमानपत्रांत रोज बातमी असे. पण आमच्या भागात घराच्या मागच्या अंगणातून, स्वतः घासलेल्या सहा इंची आरशाच्या दुर्बिणीला कॅमेरा जोडून ते डाग टिपणारा एकच माणूस होता. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असलेला जीवराम. निदान आम्ही तसं समजत होतो.

"जीवरामभाऊ, हा फोटो कधीचा?" धनसिंग सरांनी विचारलं. सर आमच्या आकाशमित्र मंडळाचे चिटणीस, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. ते आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागे.

"एकवीस तारखेचा, सर."

"एकवीस तारखेला गुरूवर डाग होते. यात एक तरी दाखवा."

जीवराम वाकून फोटोत डाग शोधू लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "उन्हाळ्यातला माल पावसाळ्यात खपवला, झालं!" दोघंतिघं हसले.

जीवराम माझ्याकडे वळला. "नाना, तुम्हीन बी देखं व्हतं ना? सांगा ना यास्ले."

मी पाहिलं होतं. त्या संध्याकाळी दुर्बिणीला डोळा लावणारा दुसरा माणूस मीच. पण तालुक्याच्या वाचनालयात पस्तीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्यात गेली, चार माणसांत बोलायची सवय कधी लागली नाही. शिवाय उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलेला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मला वाटतं... दिसले होते. बहुतेक."

त्या 'बहुतेक'ने जीवरामचा घात केला.

नरडाण्याच्या एका कारखानदाराने मंडळाला दहा इंची दुर्बीण भेट दिली होती. ती कुणाच्या हवाली करायची, हे पुढच्या रविवारी ठरणार होतं. त्या सकाळपर्यंत जीवरामचं नाव जवळजवळ नक्की होतं.

"रविवारपर्यंत खुलासा करा," सर म्हणाले. "नाहीतर दुर्बीण जळगावातच राहील. आणि मंडळात तुम्ही राहायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा."

२

चोपड्याला जीवरामचं घर गावाच्या टोकाला. मागच्या अंगणाला लागून केळीची बाग. पाणी भरलेल्या केळीवरची हवा संध्याकाळी थंड आणि स्थिर असते, म्हणून त्या बाजूला ग्रह असला की चित्र थरथरत नाही, असं जीवराम सांगे. त्यात किती तथ्य आहे मला ठाऊक नाही. मंगळवारी मी गेलो तेव्हा दुर्बीण गोणपाटाखाली होती आणि जीवराम तिच्याकडे पाठ करून बसला होता.

"दोन दिन व्हयनात, हाऊ माणूस धड जेवत नही," शेवंताबाई, त्याची बायको, चहा ठेवत म्हणाली. "जिनिंगमा बठ्ठा हासी ऱ्हायनात. आन नाना, तुम्ही तं सोता देखेल व्हतं. बहुतेक काय म्हनतस? ल्या, मी बी चहामा बहुतेक साखर टाकेल शे."

चहात साखर नव्हती. मी तो मुकाट्याने प्यालो.

"शेवंता, गप ऱ्हाय," जीवराम म्हणाला. "नानांचा काय दोष?"

दोष माझाच होता, पण ते बोलण्याऐवजी मी विचारलं, "निगेटिव्ह तुझ्याकडे असेल ना? दुसरी प्रत काढली की प्रश्न मिटला."

जीवरामने फळीवरचं पाकीट माझ्याकडे दिलं. फोटो धुवायला आणि मोठा करायला त्याने रोल जळगावला सुकदेवच्या स्टुडिओत टाकला होता. फोटो तिथूनच परस्पर प्रदर्शनात गेला, निगेटिव्हचं पाकीट सुकदेवने त्याला सभागृहात दिलं होतं. त्या संध्याकाळी त्याने गुरूचे अकरा फोटो घेतले. दहा हलले. नववा तेवढा साधला होता.

मी पट्ट्या उजेडाकडे धरल्या. निगेटिव्हवर काळं आकाश काचेसारखं कोरं दिसतं आणि उजळ ग्रह काळा. मसुराच्या डाळीहून लहान असे ते काळे ठिपके मी मोजत गेलो. दुसऱ्या पट्टीच्या टोकाला अर्धाच ठिपका होता. उरलेला अर्धा तिसऱ्या पट्टीच्या सुरुवातीला. मधून कात्री गेली होती, आणि कडा चिरडून गेल्या होत्या.

"हाच का?" मी विचारलं.

"हाच. नववा."

अकरांतला एकच चांगला फोटो आणि कुणीतरी नेमका त्याचाच ग्रह मधोमध कापला होता.

३

बुधवारी पहिल्या गाडीने जळगावला गेलो. दुर्बीण जळगावात राहिली तर फायदा कुणाचा, एवढाच प्रश्न मी एस.टी.त स्वतःला विचारत होतो, आणि उत्तर दरवेळी धनसिंग सर हेच येत होतं. त्यांच्या फाटकापाशी दहा मिनिटं उभा राहिलो. परतही फिरलो असतो, पण तेच बाहेर आले.

"फोटो मी बदलला का, हे विचारायला आलात ना, नाना? विचारा की."

"नाही, म्हणजे तसं..."

"आत या. सुकदेवकडून फोटो मीच आणला, हे खरं. त्याने काच-चौकट लावून, कागदात बांधून दिला. मी प्रदर्शनाच्या सकाळी कागद काढून खिळ्याला लावला. घाईत नीट पाहिलाही नाही. आणि ती दुर्बीण मला इथं हवी होती, हेही खरं. माझ्या विद्यार्थ्यांनी आजवर फळ्यावरचाच शनी पाहिलाय. पण मला हवी म्हणून मी कुणाला खोटं पाडणार नाही. एकवीस तारखेला इथं ढग होते. मला डाग दिसले नाहीत. जीवरामभाऊंना दिसले म्हणून मला किती आनंद झाला होता! आता राग त्याचाच येतो."

खोटं बोलणारा माणूस असं बोलेल का? मला माणसांची पारख नाही. पुस्तकाबद्दल विचारलं तर सांगू शकतो.

त्यांनी कपाटातून तो फोटो काढला, आणि मंडळाच्या फायलीतून जीवरामने मे महिन्यात काढलेला जुना फोटोही. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. मेमधला फोटो गबाळा होता. त्यावर एक केस उमटला होता, दोन ओरखडे होते, आणि गुरूच्या बाजूला पांढरे बारीक ठिपके. काचेमागचा नवा फोटो मात्र स्वच्छ. मागे काळंभोर आकाश, धुळीचा कणसुद्धा नाही.

"फारच स्वच्छ आहे," मी म्हणालो.

"तेच तर मी म्हणतोय," सर म्हणाले.

मला वाटलं, आम्ही दोघं एकच वाक्य बोललो, पण ते एक नव्हतं. काय वेगळं होतं ते मात्र सुचेना.

सुचलं ते बसस्टँडच्या बाकावर. मी रोजनिशी ठेवतो आणि पिशवीतच बाळगतो. एकवीस जुलैच्या पानावर मी एक वेडंवाकडं वर्तुळ काढलं होतं. एका कडेजवळ ओळीने तीन काळे ठिपके. आणि बाहेर, वर्तुळाच्या डावीकडे, दोन लहान फुल्या. खाली लिहिलं होतं : 'दोन चंद्र. एक जवळ, एक जरा दूर.'

मेमधल्या फोटोतले पांढरे ठिपके हे गुरूचे चंद्र होते. नव्या फोटोत एकही चंद्र नव्हता.

मी ते पान दोनदा वाचलं. सभागृहात कुणी म्हणालं तसा हा उन्हाळ्यातला जुना फोटो असता, तर त्यात तेव्हाचे चंद्र दिसले असते. कुणी वैरी डाग लपवायला बसला असता, तर त्याने डाग लपवले असते. चंद्रांशी त्याचं काय वाकडं? उलट चंद्र राहिले असते तर फोटो जास्त खरा वाटला असता.

काळे ठिपकेही नकोत आणि पांढरेही नकोत, असा माणूस कोण असेल?

४

सुकदेवच्या स्टुडिओत पडद्यावर रंगवलेलं धबधब्याचं चित्र होतं आणि त्याच्यापुढे एक रिकामी वेताची खुर्ची. सुकदेव स्वतः काउंटरमागे लग्नाचे अल्बम चिकटवत बसला होता. मी पाकीट पुढे केलं आणि रोल कुणी कापला ते विचारलं.

"हो, मीच कापला," तो लगेच म्हणाला. "काय झालं?"

"मधोमध कापलाय."

त्याने पट्टी उजेडाला धरली आणि जीभ चावली. "अरे देवा! नाना, सांगतो. प्रिंट आधी काढली, अख्ख्या रोलवरून. मग पाकिटात बसावा म्हणून चार-चार फोटोंचे तुकडे केले. लग्नाच्या रोलमध्ये दोन फोटोंमधली कोरी पट्टी दिसते, तिथं कात्री लावायची. ह्यात सगळंच कोरं! एक कुठं संपला नि दुसरा कुठं सुरू झाला, काही कळेना. अंदाजाने कापलं."

मी पहिल्या तुकड्याचं टोक पाहिलं. तिथला पाचवा फोटोही तसाच अर्धा झाला होता. तो हललेला, निरुपयोगी होता म्हणून मंगळवारी माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. मुद्दाम कापणाऱ्याने पाचव्यावर कात्री वाया कशाला घालवली असती? सुकदेव खरं सांगत होता.

"आणि प्रिंट काढलीस तेव्हा तिच्यावर डाग होते?"

"डाग? विचारू नका!" सुकदेव हसला. "केस काय, धूळ काय, ओरखडे काय. ह्या असल्या रोलला कचरा फार चिकटतो. आता एवढ्या मोठ्या प्रदर्शनात माझ्या स्टुडिओचा फोटो लागणार, तो तसा कसा द्यायचा? कुंदाबाईंकडे पाठवला साफ करायला. पूर्ण जिल्ह्यात तसा हात नाही कुणाचा. जीवरामभाऊंकडून त्याचा एक पैसा घेतला नाही मी."

मी पाकीट उचललं. "ह्या कुंदाबाई राहतात कुठे?"

५

कुंदाबाई खिडकीजवळ पाटावर बसून काम करत होत्या. पन्नाशीच्या, मूळच्या वरणगावकडच्या, नाकावर जाड भिंगाचा चष्मा. पुढे कुणा नवरीचा फोटो. हातातल्या कुंचल्याला मोजून चारपाच केस असावेत.

"तो चेंडूचा फोटो ना?" माझं ऐकून घेत त्या म्हणाल्या. "आठवतो की. फार मळका होता. काळ्या भागात पांढरी धूळ होती, तिच्यावर शाई लावली. आणि चेंडूवर तीन काळे डाग होते, बुरशी लागल्यासारखे. तिथं करडा रंग मिसळून पट्ट्याला पट्टा जुळवला. अर्धा दिवस मोडला त्यात. कुणाला शंका आली का सांगा?"

"कुणालाच नाही, बाई," मी म्हणालो. "तेच झालं."

मग मी सगळं सांगितलं. गुरू, धूमकेतू, जीवराम, रविवारची बैठक. बोलताना अडखळलो, पण त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी त्यांनी कुंचला पाण्याच्या वाटीत ठेवला.

"तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "नवरीच्या गालावरचा फोड, म्हाताऱ्याच्या कपाळावरची खोक, सगळं घालवते. डाग दिसला की हात आपोआप जातो. घरचे लोक फोटो बघून रडतात, आशीर्वाद देतात. आणि ह्या माणसाला मी खोटं पाडलं?"

"तुम्हाला काय माहीत..."

"विचारायला हवं होतं. नवरीच्या हनुवटीवरचा तीळ काढायचा असला तरी मी विचारते. चेंडूचं कुणाला विचारणार?"

मला एक सुचत होतं, पण ते मूर्खपणाचं वाटत होतं. तरी विचारलं. "तो रंग कसला असतो?"

"पाण्यातला. मॅट कागदावर दुसरा बसत नाही."

"मग फोटो पाण्यात बुडवला तर निघेल?"

"रंग निघेल," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. "पण नाना, काळा डाग गडद असला तर मी आधी तो पात्याने खरवडते, मग रंग लावते. खरवडलेला असला तर खाली पांढरा कागद निघेल. मग डागही नाही आणि गुरूही नाही."

"ह्या फोटोवर पातं चालवलं होतं?"

त्या बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

"आठवत नाही हो," त्या म्हणाल्या.

६

रविवारी मंडळाच्या खोलीत वीसेक माणसं होती. धुळ्याहूनही पाचसहाजण आले होते. शेवंताबाईही आली होती, दारापाशी उभी. कुंदाबाई आपल्या घरची पितळी परात घेऊन आल्या. मी त्यांना म्हटलं होतं की तुम्ही नाही आलात तरी चालेल, मी सांगेन. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगणार? बहुतेक?" ही गोष्ट त्यांच्यापर्यंत कशी पोचली, कोण जाणे.

त्यांनी स्वतःच सर्वांसमोर सांगितलं, मान वर ठेवून. सुकदेव खाली बघत राहिला. ऐकता ऐकता धनसिंग सरांचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे फोटोची ही एकच प्रत," ते म्हणाले. "निगेटिव्ह गेलं. पाण्यात घातल्यावर खाली काही निघालं नाही तर जीवरामभाऊंकडे काहीच उरत नाही. सध्या निदान गुरूचा एक चांगला फोटो तरी आहे. जीवरामभाऊ, तुम्ही नको म्हणालात तर मी समजू शकतो. मग आम्ही नानांच्या रोजनिशीवर विचार करू."

जीवराम उठला. चौकटीची मागची पट्टी त्याने स्वतःच उचकटली, फोटो काचेतून काढला. कडांना धरून त्याने तो क्षणभर पाहिला.

"सर, असा गोरा गुरू मी कधीच देखेल नही," तो म्हणाला. "त्याले ठेवीसन मी काय करू?" आणि परातीत सोडला.

आधी काहीच झालं नाही. फोटो तळाशी बसला. कुंदाबाईंनी कापसाचा बोळा पाण्यात बुडवला आणि अगदी हलक्या हाताने, फोटोला न टेकवता, वरचं पाणी ढवळत राहिल्या. मग गुरूच्या डावीकडून शाईची एक बारीक रेघ सुटली, पाण्यात वर आली आणि विरली. तिच्या जागी एक पांढरा कण होता. थोड्या वेळाने दुसरा.

"चंद्र!" धुळ्याचा कुणीतरी म्हणाला. "एक जवळ, एक दूर."

सर माझ्या रोजनिशीकडे बघत होते. मग त्यांनी कपाटातून छापील तक्ते काढले, ज्यांत गुरूचे चंद्र कोणत्या दिवशी कुठे असतात ते दिलेलं असतं. बोट खाली सरकत एकवीस जुलैवर थांबलं. त्यांनी ते बोट तिथून हलवलं नाही.

पण डाग निघेनात. गुरूवरचा करडा रंग जाड होता. पाणी गढूळ झालं, कुंदाबाईंनी ते बदलायला लावलं. माझं लक्ष परातीकडे नव्हतंच, जीवरामच्या हातांकडे होतं. त्याने ते मागे धरले होते, एकात एक घट्ट.

"थांबा," कुंदाबाई म्हणाल्या.

पट्ट्यावरून करडी साय सुटल्यासारखी झाली. तिच्याखाली एक काळी कड दिसली. मग पूर्ण डाग. त्याच्या शेजारी दुसरा, काजळाचं बोट टेकवावं तसा. तिसऱ्याच्या जागी मात्र कागदाचा पांढरा ओरखडा आला, आणि ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना डागाचा काळेपणा शाबूत.

"ह्या एकावर पातं लावलं होतं," कुंदाबाई पुटपुटल्या. "कागद फाटेल वाटलं म्हणून सोडून दिलं. बाकीच्या दोघांना लावलंच नाही. आता आठवलं."

धनसिंग सर फोटोवर वाकले होते. ते सरळ झाले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"नाना, नोंदीसाठी विचारतो. एकवीस जुलैच्या संध्याकाळी तुम्ही हे डाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले?"

वीस माणसं माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "तीन."

सर जीवरामपुढे गेले. "मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. चूक माझी. मी एकदा काच काढून बघायला हवं होतं." मग ते मंडळाकडे वळले. "दहा इंची दुर्बीण चोपड्याला जाईल. कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. जीवरामने मान डोलावली, पण त्याचं लक्ष परातीत होतं. "आते याले सुकाडू कशावर?" तो म्हणाला, आणि शेवंताबाईने आपल्या पिशवीतला धुतलेला पंचा पुढे केला.

७

दुर्बीण दसऱ्यानंतर चोपड्याला आली. तोवर गुरू मावळतीकडे फार खाली गेला होता. पण अंधार पडता पडता शनी आग्नेयेला वर आलेला असे. पहिल्याच शनिवारी सर आपल्या बारा विद्यार्थ्यांना घेऊन आले. सुकदेव दोन रोल घेऊन आला आणि सांगू लागला की आता पहिला फोटो तो घराच्या भिंतीचा काढणार, म्हणजे कापताना अंतर कळेल. कुंदाबाईंना मी पत्र पाठवलं होतं. त्या येतील असं वाटलं नव्हतं, पण आल्या.

रांग लावून सगळे बघत होते. कुंदाबाईंची पाळी आली तेव्हा जीवरामने त्यांना स्टूल दिलं, चष्मा काढायला सांगितलं, आणि दुर्बीण हळूच सरकवून शनी मधोमध आणला. त्यांनी डोळा लावला.

मी जवळच होतो. माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, हिरवी पट्टी अजून निघायची होती.

"दिसला का?" मी विचारलं. "कडं दिसतं का भोवती?"

"दिसतं."

"कसं आहे?"

"यात मला करण्यासारखं काही नाही," कुंदाबाई म्हणाल्या, आणि दुर्बिणीवरचा डोळा काढेनात.

मागून शेवंताबाईचा आवाज आला, "अक्का, सरका ना आते जराशा. माले बी देखू द्या!"